डोळ्यांवरून पट्टी

बाजाराच्या दिवशी चिखलीच्या वामनराव डॉक्टरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. त्यात वाटेत बैलबंडी उलटली आणि उकंडराव डोकं फोडून घेऊन आले. म्हाताऱ्याच्या ओरडण्यानं दवाखाना दणाणला. नागपूरहून शिकायला आलेला भगवंतराव हातातलं काम टाकून त्यांच्याकडेच धावला. नवे शिकाऊ बोंब ऐकूनच धावतात, त्याला तरी दोष कसा द्यायचा!

उकंडरावांची सून शालूबाई त्याच बंडीतून पडली होती. ती भिंतीला टेकून, पदर हनुवटीपर्यंत ओढून गप बसली होती.

"हिले काय झालं?" वामनराव डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. विचारलं मी," भगवंतराव टाके घालता घालता म्हणाला.

"कोणाले इचारलं?"

"सासऱ्यांना."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दुखणं कोणाचं, अन् इचारतो कोणाले बे? नाडी पाह्य तिची."

नाडी बारीक होती आणि पळत होती. भगवंतराव तिच्याकडे वाकला. "बाई, कुठं दुखतं?" पुन्हा विचारलं, तर पदर आणखी खाली आला. सासऱ्यासमोर तिनं लग्नापासून शब्द काढला नव्हता. जीव गेला तरी काढणार नव्हती. म्हाताऱ्याला बाहेर काढावं, तर बाहेर बाजाराची गर्दी आणि टाके अर्धे. भगवंतरावाला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"टाके पुरे कर अन् पट्टी बांध," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याईवरून, कानाईवरून."

"माह्या डोळ्याले काय झालं हो, डाक्टरसाहेब!" उकंडराव ओरडले. पण भगवंतरावानं पट्टी पार नाकापर्यंत गुंडाळत आणली. मग तो शालूबाईसमोर उकिडवा बसला.

तिनं पदर वर केला. ओठ पांढरेफटक. "पोटात..." ती म्हणाली. तेवढ्यात म्हाताऱ्याची मान आवाजाकडे वळली आणि तिनं पदर पुन्हा खाली ओढला.

उकंडरावांची ओरड थांबली. सुनेचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"सांग व माय," ते हळूच म्हणाले. "मले या पट्टीतून काई ऐकू येऊन नाही राह्यलं."

मग ती बोलली. डाव्या कुशीत जू लागलं होतं, खांद्यापर्यंत कळ जात होती. पोटाला हात लावताच आत रक्तस्राव होतोय हे भगवंतरावाला कळलं. कापसाच्या जिनवाल्या मालकाची मोटार मागवली. पुढे बुलढाण्याला पोट उघडलं आणि ती वाचली.

तिला उचलून मोटारीकडे नेताना भगवंतराव पट्टी सोडायला गेला, तर उकंडरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे थोडी," ते म्हणाले. "पोरीले मोकळ्या तोंडानं जाऊ दे."