दोरा बांधलेला मका

वाचायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. पेपरातला बाजारभाव अजून बोट ठेवून वाचतो. मार्चअखेरीस असाच वाचला आणि फसलो.

चोपड्याजवळच्या आमच्या शेतकरी गटाच्या गोदामात चारशे क्विंटल मका होता, सभासदांकडून क्विंटलला अठराशेने घेतलेला. जळगावच्या हसीबशेठशी फेब्रुवारीतच लेखी करार झाला होता. माल पंधरा एप्रिलला द्यायचा, भाव दोन हजार. पेपरात भाव दिसला एकवीसशे पन्नास. गटाचा अध्यक्ष मी. बैठकीत सांगून बसलो, "साठ हजार जास्तीचे आले. गोदामातला हा डगमगता वजनकाटा काढू, नवा घेऊ."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पिंप्राळ्याला गेलो. आमचे हिशेब तिथली नौशीन लिहिते.

"चैत्रामआबा, मका आजच्या भावाने धरलात. करार कुठे धरलात?"

"तो तर कागद. तो काय धरायचा?"

"त्यालाही आज किंमत आहे. एकवीसशे पन्नासचा माल दोन हजारात द्यायला तुम्ही स्वतःला बांधून घेतलंय. मका साठ हजारांनी वर, करार साठ हजारांनी खाली. राहिलं काय?"

"शून्य."

"तोंड पाडू नका. क्विंटलमागे दोनशे रुपये फेब्रुवारीतच पक्के झालेत. भाव सोळाशेवर आला असता, तर याच करारानं तुम्हाला तारलं असतं."

सभेत मी खरं ते सांगितलं. सभासदांतला विक्रम उठलाच. "मग करार मोडा. मका बाजारात विकू." चार-पाच माना हलल्या. हसीबशेठला दिलेला शब्द माझा होता.

आमच्याकडे बोकडाचा सौदा झाला की घेणारा त्याच्या शिंगाला दोरा बांधतो. बाजाराच्या दिवसापर्यंत बोकड आमच्याच दावणीला राहतो. गटातल्या दिवालीबाईंनी तेच काढलं.

"विक्रम, दोरा बांधेल बोकड चरीसन जाडा झाया, ते चरबी कोनी?"

"घेणाऱ्याची."

"आनि वाळीसन काडी झाया ते?"

"तरी त्याचाच."

"मंग मकाले बी दोरा बांधेल शे. बस खाले!"

सगळे हसले. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आनि तू, भाऊ! दुसरानी चरबी इकीसन काटा लेवाले निंघी गया!"

पंधरा एप्रिलला हसीबशेठची गाडी आली. त्या सकाळी पेपरात भाव बावीसशे होता. मी तो बोट ठेवून नीट वाचला. मग पेपराची घडी घातली आणि काटा डगमगू नये म्हणून त्याच्या पायाखाली सरकवली.