ताउनोचा पक्का इरादा

आमचा मुलगा ताउनो पन्नाशीला टेकला, तरी कुणी काही विचारलं की अर्धंच खरं सांगतो आणि उरलेलं कॉफीबरोबर गिळतो. गोळ्या मात्र गिळत नाही. रक्तदाबाच्या. याचे वडील याच दुखण्यानं गवताच्या गंजीपाशी कोसळले. मी धावत पोचेपर्यंत गेले होते. पुन्हा तसं धावायचं बळ माझ्या पायांत नाही.

मंगळवारी आरोग्य केंद्रातली सान्नी आली. पोरगी हेलसिंकीची, गुणी. वेलचीचा पाव पुढे ठेवला तर आधी कागद काढला.

"ताउनो, रोज गोळी घेण्याचा तुमचा इरादा किती पक्का? एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे अगदी पक्का."

"सात," हा म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

"इरादा मोजतेस होय गं?" मी म्हणाले. "याच्या बापाचा दारू सोडायचा इरादा लग्नाच्या दिवशी सातच होता."

सान्नी हसली नाही. "कधी चुकते का गोळी?"

"फक्त सॉनाच्या दिवशी. गोळी घेऊन वाफेत बसलं की गरगरतं."

"म्हणजे शनिवारी. त्याचं डॉक्टरांना विचारू. बाकी छान!" तिनं साताला गोल केला. शहरात अख्ख्या इमारतीला एक सॉना, आठवड्यातून एकदा, शनिवारी पाळी. तिला दुसरं काय सुचणार?

मी खिडकीकडे बोट केलं. तळ्याकाठी आमच्या सॉनाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"सान्नी, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग तो धूर कसला? कालही होता."

ताउनोनं पाव तोंडात कोंबला. "लाकडं ओली होती, आई. वाळवत होतो."

"लाकडं वाळवायला टॉवेल घेऊन जातोस?"

सान्नी खोडरबर शोधायला लागली. "अहो ताउनो, मग गोळी घेता तरी कधी?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. "नाताळाआधी धुराडं फुटलं होतं ना, तेव्हा. आठवडाभर घेतली."

मी उठले, खिळ्यावरची सॉनाची किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली.

"ऐक रे ताउनो. गोळी घेऊन वाफेत कसं बसायचं, ते सान्नी डॉक्टरांना विचारून येईल. तोवर किल्ली माझ्याकडे, आणि गोळी रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर. तुझा सात तुझ्यापाशी ठेव. तुझ्या बापाला मी मातीआड केलं, तुला करणार नाही. आता तोंड उघड."