एक जोरात, दोन हळू

आमच्या ह्यांना शाळेतली मुलं 'टकटक मास्तर' म्हणायची. इंग्रजीचा लांबलचक शब्द आला की हे टेबलावर बोटाचं पेर ठोकून त्याचे तुकडे पाडायचे. ज्या तुकड्यावर जोर, तिथला ठोका जोरात. 'अनब्रेकेबल'चं 'अन' म्हणजे डोकं, 'एबल' म्हणजे शेपटी; दोन्ही बाजूला काढली की मधला 'ब्रेक' हाती लागतो, घाबरायचं काय त्यात? निवृत्तीनंतर वर्ग सुटला, ठोके काही सुटले नाहीत. आतल्या खोलीत डिक्शनरी उघडून शब्द फोडत बसायचे. पस्तीस वर्षं ऐकून माझे कान किटले होते.

त्या दुपारी मी भांडी घासत होते. आतून ठोके आले. एक जोरात, दोन हळू. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकाच शब्दाचं किती दळण दळायचं माणसानं! मी ओरडले, "अहो, पुरे करा! डोकं उठलं माझं."

ठोके थांबले. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं म्हणून मी खूश झाले आणि उरलेली भांडी सावकाश घासली. तासाभरानं चहा घेऊन गेले, तर हे टेबलाखाली पडलेले. तोंड वाकडं झालेलं, डावी मूठ टेबलाच्या पायाला टेकलेली.

डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणायला हवं होतं." मी म्हटलं, मला काहीच ऐकू आलं नाही.

आता उजवा हात गेलाय आणि वाचाही. बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिला बिचारीला काय माहीत! परवा म्हणाली, "काकू, सरांना ठोक्यांची सवय आहे ना? मग त्याच वाटेनं जाऊ. सर, 'पाणी' म्हणायचंय. पा, णी. दोन ठोके मारा बरं डाव्या हातानं."

ह्यांनी मूठ आवळून घेतली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळतं, सगळं आठवतं. ते बोलावेत म्हणून माझा जीव तुटतो, आणि बोललेच तर पहिलं काय बोलतील ह्याची भीतीही वाटते.

"आज मूड नाही वाटतं सरांचा," ती निघताना म्हणाली. "तुम्ही ठोकून दाखवा, काकू. ते मागोमाग ठोकतील."

ती गेल्यावर मी कॉटजवळ बसले आणि लाकडावर ठोकलं. पा, णी. पुन्हा ठोकलं. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी मी ठोकतच राहिले, तेव्हा त्यांचा डावा हात चाचपडत आला आणि माझ्या बोटांवर घट्ट दाबून बसला. पुरे, म्हणत होते ते.

त्या दुपारी ते थांबले होते, तशी मीही थांबले.