कंपायलरनं नाकारलेला बांगडा

“लिहून देतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” म्हणत ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रामर सुभाषकाकांनी भज्याचं तेल खुर्चीच्या हाताला पुसलं. रिदानं भज्यांची बशी दूर सारली. सकाळीच ती उरणच्या शीतगृहात जाऊन आली होती. ओढणीला अजून बांगड्याचा वास होता.

बांगडा कसला, अकरा टन लगदा. दाराखालून पिवळं पाणी वाहत होतं, आणि करंजाडेतल्या त्यांच्या याच ऑफिसनं बनवलेला प्रोग्राम पडद्यावर गुमान उणे अठरा दाखवत होता. तापमानाच्या एकाच नोंदीवर प्रोग्रामचे दोन भाग एकदम लिहायला बसले, आकडा बिघडला, आणि आत थंडी भरपूर आहे असं समजून थंड करणारं मशीन आपोआप बंद झालं. काम दिपाच्या नावावर. तिला आजच काढायचं का, हे सुनितामॅडम ठरवणार होत्या. दिपा भिंतीला टेकून नखं खात होती.

“मांजर आलं, वास घेतला आणि माफी मागून माघारी गेलं!” काका रंगात आले. “अळ्या तर अशा टपोऱ्या...”

“काका, खाताय ना तुम्ही?” रिदानं टोकलं.

“मग? माझं पोट साफ, मनही साफ.” त्यांनी चटणीची बोटं एकेक करून चाटली. “मॅडम, मी हिला बजावलं होतं. प्रोग्राम तपासून मगच तयार करणाऱ्या त्या कंपायलरचा एकच हट्ट: नोंद बदलायची तर एकाच्याच हातात हवी. तो बदलतोय तोवर दुसऱ्यानं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्यानं हिचा प्रोग्राम चाळीस वेळा नाकारला. एक्केचाळिसाव्याला पडद्यावर उमटलं, ‘काका, हिला आवरा!’ तरी पोरीनं जसाच्या तसा चालवला.”

दिपानं नकारार्थी मान हलवली. मॅडमनी पेन उचललं.

रिदानं लॅपटॉप जवळ ओढला.

“जसाच्या तसा?”

“एक अक्षर न बदलता. माझ्या डोळ्यांदेखत!”

“कंपायलरनं नाकारलं की प्रोग्राम तयारच होत नाही, काका. मग चालवला काय, डोंबल? त्याला गप्प करायचं तर ‘अनसेफ’ लिहावं लागतं. म्हणजे, इथं तू बघू नकोस, जबाबदारी माझी. ती ओळ आत आहे. कोणी लिहिली तेही शेजारी नोंदलेलं आहे.” तिनं लॅपटॉप मॅडमकडे फिरवला. “साफ खोटं बोलताय तुम्ही. नाव तुमचं आहे.”