शेख मुतवल्लींचं नाक

नबींवर सलाम पाठवा, बायांनो, आणि चटईवर जरा जवळ सरका. आज माझ्या नवऱ्याच्या नाकाची गोष्ट सांगते. हसू आलं तर हसा, पण ऐका.

शेख मुतवल्ली नबींच्या कथा गाऊन सांगतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या दसूक गावाच्या आसपास लग्न असो की कुणाच्या मरणाचा चाळिसावा दिवस, बोलावणं यांनाच. नाकातला पडदा जन्माचा वाकडा, त्यामुळे आवाजात एक गुंजन होतं. युसुफला भाऊ विहिरीत ढकलतात तिथे ते गुंजन आलं की बाप्ये डोळे पुसायचे. पण त्याच नाकाने झोपेत यांचा श्वास अडायचा. म्हणून ऑपरेशनसाठी वर्षभर मागे लागले ती मीच.

पडदा सरळ झाला आणि माझ्या नाकी नऊ आले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. दिवसातून चार वेळा मिठाचं पाणी. तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोप, म्हणजे दोघांनाही झोप नाही. पायातले बूट मी चढवायचे, गॅसची टाकी मी ओढायची. नमाज खुर्चीवर. सजद्यात कपाळाबरोबर नाकही जमिनीला लागायला हवं, ते लागेना, म्हणून हे लहान मुलासारखे रुसून बसत.

शेजारची बदरिया आजाऱ्याला देतात ते कबुतराचं सूप घेऊन आली. म्हणाली, "शेख, एवढं सुजलंय, अर्धं भाड्याने द्या की!"

"हसवू नकोस गं बाई, आत ओढतं," हे कण्हत म्हणाले.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी आतल्या पट्ट्या काढल्या. घरी येऊन यांनी विहिरीचा प्रसंग हळूच गुणगुणून पाहिला आणि थांबले.

"वफदिया, हा तर रेडिओवर बातम्या देणाऱ्याचा आवाज!"

"सूज आहे अजून," मी म्हटलं. सूज उतरली, पण गुंजन परत आलं नाही. यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

महिन्याने हाजी शलबींच्या आईचा चाळिसावा होता. अंगात त्राण नव्हतं, तरी गेले. युसुफ विहिरीत पडला, आणि कुणी डोळे पुसले नाहीत. चहाचे पेले वाजत राहिले. मागून कुणी ओरडलं, "शेख, तो जुना आवाज काढा की!"

बायकांच्या बाजूला माझी मान खाली गेली.

हे म्हणाले, "तो कापून टाकला, बाबा. त्याच्या जागी श्वास घेतलाय. श्वासाने जेवढं जमेल तेवढं ऐका."

आणि हरवलेल्या युसुफला हाका मारणाऱ्या त्याच्या बापाची, याकूबची ती लांब ओळ उचलली. पूर्वी ती मध्ये तुटायची, दम घ्यायला. त्या दिवशी सलग गेली, साधी, रुक्ष, शेवटापर्यंत. रडलं कुणीच नाही. पण पेले वाजायचे थांबले.

दोघं घरी निघालो. दारापाशी येऊन एवढंच म्हणाले, "दमलो गं."

तेव्हापासून दोनच बोलावणी आलीत. म्हणून विनवते, बायांनो, तुमच्याकडे सुखाचं, दुःखाचं काही निघालं, तर शेख मुतवल्लींची आठवण ठेवा.