कपाटावरची सातवी ओळ

बाळंतपणाची रजा संपून कीर्ती परत दवाखान्याच्या काउंटरवर बसायला लागली, तेव्हा घर अंगावर यायचं. म्हणून तिनं वहीचं एक पान फाडलं, वर लिहिलं, 'घरातलं कमी करायचं', आणि कपाटाला चिकटवलं. दोनदोन असलेली पातेली, न घातलेल्या साड्या, रद्दी, ज्वारीचं दुसरं पोतं. लिहिता लिहिता मन हलकं होत गेलं, आणि त्याच भरात सातवी ओळ लिहिली गेली: आत्यांचा मुक्काम, चार दिवस.

आत्या म्हणजे सासूबाई, मनकर्णाबाई. नात सांभाळायला मंगळवेढ्याहून आल्या की पंधरा दिवस हलायच्या नाहीत.

या खेपेला त्या आल्याच्या पाचव्या दिवशी कीर्ती दुपारी घरी आली, तर स्वयंपाकघर ओळखू येईना. मांडणी मोकळी, रद्दी गेलेली. कपाटावरच्या यादीत एकेका ओळीपुढं पेन्सिलीनं फुली. आणि पोरीला निजवून दाराशी मनकर्णाबाई, पायात चप्पल, शेजारी पिशवी.

"आत्या, हे काय?"

"तू लिवून ठिवलंस ते केलं की. साड्या खालच्या जगदेवीला दिल्या, लई खूश झाली. पोतं तेवढं ऱ्हायलं, एकटीला उचललं न्हाय."

ते पोतं त्यांनीच पाठवलं होतं, एसटीच्या टपावर टाकून.

"ती यादी माझ्यापुरती होती हो."

"आसं व्हय? मला वाटलं, तोंडानं सांगायला लाजतीया, म्हणून लिवलंय. माझा परदीप बी ल्हानपणी मार्क असंच लिवून ठिवायचा." त्या हसल्या. "काल चार दिस झाले. पर पोरीच्या अंगात कणकण हुती, म्हणून एक दिस चोरला."

कीर्तीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरीच्या अंगात काल कणकण होती, हे तिला आत्ता कळत होतं.

'ते सहज लिहिलं होतं' असं म्हणून सुटता आलं असतं. ते शब्द घशापर्यंत आलेही. पण समोरची बाई तिनं लिहिलेलं मान देऊन पाळत होती.

"आत्या, मी ते खरंच लिहिलं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"ठावं हाय की. खोटं कोण डकवतंय कपाटाला?" मनकर्णाबाईंनी पिशवीचा बंद उगीच सोडला, परत बांधला. "पर मला इचारलं असतंस, तर मी तीनच म्हणले असते. माझ्या बी शेरड्या शेजारणीकडं हायेत."

'राहा' हा शब्द कीर्तीच्या ओठावर होता. पण तो मायेनं आलाय की नुसत्या लाजेनं, हे तिचं तिलाच कळेना. तसला शब्द या बाईला कसा द्यायचा?

"साडेचारची नको, सहाची एसटी घ्या," ती खाली बघून म्हणाली. "तोवर बसा माझ्याजवळ. काल काय काय झालं ते सांगा."

मनकर्णाबाईंनी चपला काढल्या.

"काय सांगू? लई रडली बघ. तुझा गाऊन उशाला दिला, तवा गप झाली."