बाजारात नेलेली मेंढी

आमच्या घरात दोन बाजार चालतात. एक मोबाईलमध्ये, सव्वानऊ ते साडेतीन. दुसरा कळंबचा, आठवड्यातून एकदा, शेळ्या-मेंढ्यांचा. पहिल्याचा अभ्यास माझ्या नवऱ्याचा, दुसऱ्याचा सासऱ्यांचा. नवऱ्याचं नाव कुमार. घरात मी त्याला अहो-जाहो करते, इथं एकेरीत सांगणार आहे. राग तेवढाच निघतो.

कुमार कळंबच्या एका शाळेत क्लार्क आहे. येडशीच्या अलीकडं आमची वस्ती, तिथून तो मोटारसायकलवर ये-जा करतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात शेअर बाजार शिरला. शिरला तो रीतसर, व्हिडिओ बघून, वही भरून. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलंय: तोटा लहान असतानाच बाहेर पड. घाबरून विकू नको, हट्टानं धरू नको. साडी काढायला दार उघडलं की मी ते रोज वाचते.

त्यानं मला स्टॉपलॉस समजावून सांगितला होता. घेतानाच ठरवायचं, भाव इथवर पडला की विकून मोकळं व्हायचं, मग विचार करायचा नाही. समजावलं छानच. फक्त भाव तिथवर आला की हा गडी ती खूण आणखी खाली नेऊन ठेवायचा. म्हैस कुंपणापाशी आली की कुंपणच मागं सरकवायचं, असा तो प्रकार. एका सोलर कंपनीचा शेअर त्यानं चढ्या भावात घेतला, तो निम्म्यावर आला, तरी हा धरून बसला. चांगले चढणारे शेअर मात्र चहापाण्यापुरता नफा दिसला की लगेच विकून टाकायचा. मी म्हणायचे, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तो म्हणायचा, अजून दोन दिवस बघू, वर येईल.

मला हसायचा हक्क होता असं मला वाटायचं. मी दैवशाला, चार वस्त्यांची आशा सेविका. घरोघर जाऊन बायांना हेच सांगायचं माझं काम, की पोराला ताप आला तर पहिल्या दिवशी कळवा, झाकून ठेवू नका, उद्या उतरेल म्हणून बसू नका. कुणी झाकलेलं सापडलं तर मी चांगली झाडते. माझी चार वस्त्यांत त्यासाठी ख्याती आहे.

सासऱ्यांचं नाव श्रीमंत. त्यांना मी मामा म्हणते, कुमार आप्पा म्हणतो. गेल्या वर्षी चौतीस मेंढरं, पिढीजात धंदा, शाळा दुसरीपर्यंत. त्यांच्याकडं कागद नाही, एकच नियम आहे: बाजारात नेलेलं जनावर माघारी आणायचं नाही. सकाळी चांगला भाव आला तर द्यायचं, नाही आला तर दुपारी कमीत द्यायचं, ऊन उतरलं की मिळेल त्यात द्यायचं, पण देऊनच यायचं. कारण बाजारात दहा गावची जनावरं अंगाला अंग लावून उभी असतात. तिथला रोग एका मेंढीबरोबर घरी आला तर सगळा कळप घेऊन जातो. म्हणून ते विकत घेतानाही बाजारातून घेत नाहीत, पाहुण्यारावळ्यांच्या कळपातून घेतात. चाळीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. मोडायला आम्ही दोघं सुशिक्षित लागलो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मामांचा गुडघा धरला. मेंढरं विकायची वेळ झालेली, म्हणून त्यांनी कुमारला रजा टाकायला लावली आणि टेम्पोत सहा जनावरं भरून दिली. पाच तयार नर आणि एक लंगडी मेंढी. ही मेंढी कुमारनंच दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांकडून हौसेनं, मामा नको म्हणत असताना, चढ्या किमतीला घेतली होती. तिनं एकदाही धड कोकरू दिलं नव्हतं.

कळंबच्या बाजारात आमच्याकडचे जुने व्यापारी अजून टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. कुमारच्या हाताला ती सवय नाही. पहिल्या व्यापाऱ्यानं बोटं दाबली, मामांनी सांगितलेल्या भावापेक्षा थोडं वर आलं, आणि ह्यानं सकाळी दहा वाजायच्या आत पाचही नर देऊन टाकले. हातचं जाईल ही भीती. दुपारी तशाच नरांना कितीतरी जास्त भाव आला, हे त्यानंच नंतर सांगितलं. लंगडीला एका खाटकानं सकाळी मागितलं, ह्यानं दिली नाही. दुपारी आणखी कमीत मागितलं, तेव्हा तर मुळीच नाही. संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा लंगडी त्यात एकटी उभी होती.

मामा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी टेम्पोत वाकून बघितलं.

"आप्पा, मी हिला लई जास्तीत घेतली होती," कुमार म्हणाला. "निम्म्यात कशी देऊ?"

"कितीला घेतली ते तुला ठावं. घेणाऱ्याला काय त्याचं?"

मेंढी मेंढवाड्याकडं न्यायची नाही, विहिरीपलीकडच्या बाभळीला बांधायची, आणि खाटकाला निरोप द्यायचा, असं सांगून ते गुडघ्याला तेल चोळत आत जाऊन पडले. कुमार मोबाईल घेऊन ओट्यावर बसला. मी मनातल्या मनात हसत होते. मोबाईलमधली सवय टेम्पोत बसून बाजारात गेली आणि टेम्पोत बसून परत आली.

दिवेलागणीला मी तिला पाणी न्यायला गेले. विहिरीपलीकडं आमचं रान संपतं आणि रामलिंगाच्या बाजूचं झाडोऱ्याचं माळरान सुरू होतं. महिन्यापूर्वीच तिथं लांडग्यानं शेजाऱ्यांची शेळी नेली होती. मेंढी एकटी राहू शकत नाही, ती कळपाकडं तोंड करून सारखी ओरडत होती, दोराला हिसके देत होती, आणि तिकडून कळपातली एखादी तिला ओ देत होती. तिनं पाणी प्यायलं नाही. माझ्या हाताला नाक घासत राहिली.

मला तिची दया आली. दुसरं काही कारण नव्हतं. एका रात्रीनं काय होतंय, दिसायला तर ठणठणीत आहे, असं म्हणून मी दोर सोडला आणि तिला मेंढवाड्यात घातलं. ती कळपात घुसली आणि गप्प झाली. उजाडायच्या आत जाऊन मी तिला परत बाभळीला बांधलं. कुणाला काही कळलं नाही. दोन दिवसांनी खाटीक आला आणि बाजारात म्हणाला होता त्यापेक्षाही कमी देऊन तिला घेऊन गेला. मी कुमारला म्हटलं, बघा, धरून ठेवून काय मिळालं?

बाजारानंतर सहाव्या दिवशी दोन कोकरांची नाकं गळायला लागली. चारा तोंडात घेईनात. मामांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी ताप बघितला, तोंडं उघडून बघितली आणि मामांना सरळ विचारलं, की बाजारातलं एखादं जनावर कळपात आलं होतं का?

"न्हाय," मामा म्हणाले. "माझ्या कळपात बाजाराचं जनावर येत न्हाय. गेल्या बाजारचं एक आलतं, ते विहिरीपल्याड बांधलं व्हतं."

त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांची खात्री होती. मी चहाची किटली घेऊन तिथंच उभी होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मामा इतक्या ताठपणे बोलले होते, की त्यांना परक्या माणसासमोर खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय दोनच कोकरं होती. हवा बदललीय, नवा चारा आहे, होईल बरं. मी कपात चहा ओतला. डॉक्टरांनी तापाचं आणि पोटाचं औषध दिलं, चारा बदलायला सांगितला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाच झाली. मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत बघू. संध्याकाळी त्यातलं एक जरा चरलं, मला केवढा आनंद झाला! म्हटलं, उतार पडला, आता सांगून उगीच घरात वादळ कशाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच पहिलं मेलं. तेव्हा तर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता चुकीला एक मेलेलं कोकरू चिकटलं होतं. चौथ्या दिवशी आणखी तीन गेली. प्रत्येक दिवशी सांगायची किंमत आदल्या दिवसापेक्षा वाढत होती, आणि वाढली म्हणून मी आणखी एक दिवस थांबत होते. त्या चार दिवसांत मी तीन घरी जाऊन पोरांचे ताप मोजले, आणि एका आईला दोन दिवस उशीर केला म्हणून बोललेसुद्धा. माझा आवाज जराही हलला नाही. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या चौथ्या दिवशी कुमार ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. सोलरवाला आणखी पडला होता. तो नेहमीसारखं म्हणाला, अजून दोन दिवस बघू, वर येईल. मी पीठ मळत होते. त्यानं मान वर करून बघितलं.

"आज काही बोलली नाहीस?"

माझे हात पिठातच राहिले. तेच वाक्य मी चार दिवस मनात म्हणत होते. अजून एक दिवस बघू. ह्यानं निदान मोठ्यानं म्हटलं होतं.

मी हात न धुताच मेंढवाड्याकडं गेले. मामा फाटकापाशी मेलेल्या मेंढीच्या शेजारी बसले होते. मी सगळं सांगितलं, दोर कुठून सोडला आणि कधी परत बांधला तेही. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कोणत्या दिवशी ते विचारलं, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, आधी डॉक्टरांना फोन लाव.

डॉक्टर अर्ध्या तासात आले. आजारी वेगळी काढली, धडधाकट दिसणारी लांबच्या रानात हलवली, त्यांना लस टोचली. जाताना ते मामांना नाही, मला म्हणाले, की पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर बरीच वाचली असती. मी मान हलवली. हेच वाक्य मी लोकांना सांगते, तेव्हा तेही अशीच मान हलवतात.

त्यानंतर आणखी तीन गेली. मग थांबलं. चौतिसातले नर विकले ते पाच, लंगडी एक, मेलेली सात. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कुमार बोलला, उलट फार मऊ बोलला, ते मला सोसलं नाही. आठवडाभरानं मीच मामांना म्हटलं, मामा, मला काहीतरी बोला.

ते मेंढवाड्याभोवती लावायच्या वाघराची फाटलेली जाळी विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मेंढी आत घातलीस, ती माया व्हती. मायेचं एकादं मेलं असतं. बाकीची तुझ्या गप बसण्यानं गेली."

बरोबरच होतं. मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले आणि रडले. त्यांनी विणणं थांबवलं नाही, मला जायलाही सांगितलं नाही.

कुमारचा सोलरवाला अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे. कपाटातला कागदही आहे. मी आता ह्या माणसाला हसत नाही, फक्त कधी कधी त्याच्या शेजारी बसते आणि आज केवढ्याला आहे ते त्याला मोठ्यानं वाचायला लावते. त्याला ते आवडत नाही, पण वाचतो.

मामांचा गुडघा बरा झालाय. तरी संध्याकाळी कळप आत घेताना फाटकाशी ते मला उभं करतात. पूर्वी मोजणी तेच करायचे. आता एकेक मेंढी माझ्या हाताखालून आत जाते, मी मोजते आणि फाटक बांधते. ते ओट्यावरून विचारतात, "किती?" आकडा त्यांना ठाऊक असतो. तरी रोज विचारतात.

"एकवीस," मी म्हणते.